माघार घेणे आणि फुटणे



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी कंत्राटी कामगारांवर किंवा नव्या कामगार कायद्यांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय लिहून पाठवला, 'कल्पित युद्धाच्या खेळातील माघार'. दुसऱ्याच दिवशी त्यांच्यापैकी एकाचा फोन आला, की विषय लिहिताना काही घोटाळा तर झाला नाही ना? घोटाळा झालेला नाही. तीस वर्षे मी संघटनेचे काम करतो आहे. लढा कसा पुकारावा यावर मी शेकडो भाषणे ऐकली आणि थोडीफार केलीही. पण चालू लढ्यातून बाहेर कसे पडावे, आणि पडताना माणसे शाबूत कशी राखावीत, यावर कोणी तासभर बोलल्याचे मला आठवत नाही. या प्रश्नाचा नियम बांधून, आकडे मांडून केलेला विचार मला सापडला तो एका खेळात. म्हणून आज त्या खेळाविषयी बोलायचे ठरवले आहे.

माझी शाळा नववीत सुटली. पुढचे वाचन झाले ते संघटनेच्या कचेरीत, करारनामे, स्थायी आदेश आणि न्यायालयाचे निवाडे चाळता चाळता. या खेळाची पुस्तकेही मी त्याच सवयीने वाचली, कलमागून कलम. कोणत्या कलमाने कोणाचा फायदा होतो आणि किंमत कोणाच्या अंगावर पडते, एवढेच पाहत गेलो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी तो सांगतो. त्याचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. चार-पाच माणसे एका टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचे एक पात्र असते, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी वैदू, कोणी चोर. एक जण खेळ चालवतो. त्याला डन्जन मास्टर म्हणतात, पण आपल्याकडे 'सूत्रधार' हा चांगला शब्द आहे, मी तोच वापरीन. सूत्रधार सांगतो की समोर गुहा आहे, आत उजेड दिसतो आहे, आता तुम्ही काय करणार? खेळाडू आपापले उत्तर देतात आणि जिथे शंका असेल तिथे फासे पडतात. हे फासे चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे असतात. प्रत्येक पात्राला जिवाचे काही गुण असतात, त्यांना हिट पॉइंट म्हणतात. ते संपले की पात्र पडते. एकच डाव महिनोन्महिने चालतो, पात्र हळूहळू बलवान होत जाते, आणि ते मेले तर त्या साऱ्या महिन्यांची कमाई जाते. तेव्हा खेळ कल्पित असला, तरी गमावण्यासारखे काहीतरी टेबलावर खरेच असते.

हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावातून बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन हे त्याचे कर्ते. गायगॅक्स हा विम्याच्या धंद्यात नोकरी करणारा माणूस. १९७० मध्ये त्याची नोकरी गेली आणि नंतर काही काळ त्याने जोडे दुरुस्त करून संसार चालवला. खेळाच्या पहिल्या खेपेला एक हजार पेट्या निघाल्या, प्रत्येक पेटीत तीन पातळ पुस्तिका.

त्याआधी, १९७१ मध्ये, गायगॅक्सने जेफ पेरेन याच्यासह 'चेनमेल' नावाचा नियमसंग्रह काढला होता. तो टेबलावर छोटे सैनिक मांडून मध्ययुगीन लढाया खेळण्याचा होता. हे खेळ खेळणाऱ्यांना इतिहासाचा नाद असे, आणि इतिहासातील एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. सैन्य शेवटच्या माणसापर्यंत क्वचितच लढते. काही माणसे पडली की बाकीच्यांचे मनोधैर्य खचते आणि पलटण मैदान सोडते. म्हणून त्या खेळांत मनोधैर्याचेही फासे टाकीत. नवा खेळ जन्मला तेव्हा ही समजूत त्याने बरोबर आणली.

१९८१ मध्ये टॉम मोल्डव्हे याने नवशिक्यांसाठी या खेळाचे एक सुटसुटीत पुस्तक तयार केले. मला ते फार आवडते. त्यात प्रत्येक राक्षसापुढे त्याच्या मनोधैर्याचा आकडा छापला आहे, २ पासून १२ पर्यंत. गॉब्लिन नावाच्या खुज्या लुटारूंचा आकडा ७. त्यांच्यातला पहिला मेला की सूत्रधाराने दोन फासे टाकावेत, आणि निम्मे पडले की पुन्हा एकदा. बेरीज आकड्यापेक्षा जास्त आली की ते पळतात किंवा शरण येतात. गॉब्लिनांच्या बाबतीत छत्तीसपैकी पंधरा वेळा असे घडते. आकडा १२ असेल तर फासा टाकायचाच नाही, तो मरेपर्यंत लढणार. हा १२ कोणाला दिला आहे? चालत्या सांगाड्यांना आणि मंत्राने उठवलेल्या प्रेतांना. कधीच माघार न घेणे हा गुण त्या पुस्तकाने मेलेल्यांकडे सोपवला आहे, यावर मी बराच वेळ विचार करीत बसलो होतो.

खेळाडूंच्या पात्रांना मात्र हा फासा नाही. थांबायचे की निघायचे हे खेळाडूंनीच ठरवायचे. पण खेळाडू भाड्याने मशालवाले आणि शिपाई नेतात, त्यांना मनोधैर्याचा आकडा आहे, आणि तो मालकाच्या अंगच्या आकर्षणशक्तीवरून ठरतो. अपेक्षेपेक्षा अधिक धोका समोर आला की त्यांच्यासाठी फासा टाकायचा, आणि मोहीम संपल्यावर पुन्हा टाकून हे लोक याच धन्याकडे राहणार की जाणार ते पाहायचे. मजूर कुठवर साथ देतो हे धन्यावर अवलंबून आहे, एवढे त्या पुस्तकाला कळले होते. पुष्कळ कारखानदारांना ते अजून कळायचे आहे.

त्या पुस्तकात माघारीचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक, शत्रूकडे तोंड ठेवून लढत लढत मागे सरकणे. यात चाल निम्मी होते, पण पाठ उघडी पडत नाही. दुसरा, पाठ फिरवून पळणे. यात शत्रूचा वार लागण्याची शक्यता वाढते आणि ढालीचा उपयोग राहत नाही. पाठलाग सुरू झाला तर वाटेत काही टाकत जावे, म्हणजे लोभ्या शत्रूसाठी धन आणि भुकेल्या जनावरासाठी अन्न. ते थांबण्याचा संभव निम्मा.

आणि सर्वांत महत्त्वाचे कलम मोबदल्याचे. पात्र बलवान होते ते अनुभवाच्या गुणांनी. एक सोन्याचे नाणे सुखरूप बाहेर आणले तर एक गुण. एक गॉब्लिन मारला तर पाच गुण. योद्ध्याला दुसरी पायरी गाठायला दोन हजार गुण हवेत. एकट्याने नुसत्या मारामारीवर ते मिळवायचे तर चारशे गॉब्लिन मारावे लागतील. तेव्हा शहाणे खेळाडू काय करीत? लढाई टाळून धन काढीत, आणि अंगावर आले की निघून जात. ते भित्रे होते म्हणून नव्हे. ज्याचा मोबदला मिळतो ते काम माणूस करतो, हे आपल्याला उक्त्या कामाच्या दरपत्रकावरून माहीत आहे.

पुढे दरपत्रक बदलले. १९९७ मध्ये मूळ कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि २००० मध्ये खेळाची तिसरी आवृत्ती आली. तिच्यात अनुभवाचे गुण मुख्यतः शत्रूवर मात करण्याचे झाले. मनोधैर्याचा फासा मूळ नियमांतून गेला. प्रत्येक शत्रूची ताकद आकड्याने मोजून ती खेळाडूंच्या ताकदीशी जुळवण्याची पद्धत आली. सूत्रधाराच्या पुस्तकात स्पष्ट लिहिले होते की शंभरात पाचेक सामने पेलण्यापलीकडचे असावेत आणि त्यांतून खेळाडूंनी पळावे. पण ते सूत्रधाराच्या पुस्तकात होते. खेळाडूंच्या मनात हळूहळू अशी समजूत रुजली की समोर ठेवलेला सामना आपल्याला झेपेल असाच मापून आणलेला असणार. अशी समजूत असलेला माणूस वेळेवर निघत नाही.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीचा हिशोबही पाहा. तिच्यात सहा सेकंदांची एक फेरी असते आणि फेरीत प्रत्येकाची एक पाळी येते. साधा माणूस एका पाळीत तीस फूट चालतो. शत्रूच्या जवळून नुसता निघाला तर त्याला एक फुकटचा वार खावा लागतो. तो वार टाळायचा तर त्या पाळीतली आपली मुख्य कृती खर्चावी लागते, आणि मग तीस फूट जाता येते. पण लांडगा चाळीस फूट जातो. तो आपल्या पाळीत पुन्हा गाठतो आणि चावतो. म्हणजे एकेकट्याने, आपापल्या पाळीला, पायी माघार घेणे या नियमांत जवळजवळ तोट्याचेच आहे. जो आधी निघतो तो कदाचित वाचतो आणि जो मागे राहतो तो सर्वांची किंमत भरतो.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी डोळ्यांनी दिसले. माझी मुलगी आणि तिचे चार मित्र दर रविवारी आमच्या कचेरीतल्या मोठ्या टेबलावर हा खेळ मांडतात, सूत्रधार आणखी एक जण असतो. घर लहान, म्हणून कचेरी. आठ महिने त्यांचा डाव उत्तम चालला होता. एके दिवशी गुहेत त्यांना दोन ट्रोल भेटले. ट्रोल हा असा राक्षस, की त्याच्या जखमा आपोआप भरतात. आग किंवा तेजाब असेल तरच ते भरणे थांबते. मुलांपाशी दोन्ही नव्हते. पहिल्या फेरीत त्यांनी जोरात वार केले. दुसऱ्या फेरीत जखमा भरताना दिसल्या. तिसऱ्या फेरीत सगळे अधिक त्वेषाने लढू लागले. चौथ्या फेरीत वैदू पडला. पाचव्या फेरीत चोर एकटाच पळाला. सातव्या फेरीपर्यंत बाकीचे सारे संपले.

त्यानंतर दोन रविवार टेबल रिकामे राहिले. चोराचे पात्र खेळवणाऱ्या मुलाला बाकीच्यांनी दगाबाज ठरवले. फसलेल्या संपानंतर कार्यकर्ता जे करतो तेच मी केले. प्रत्येकाला वेगवेगळे गाठून एकच प्रश्न विचारला, 'निघावे असे तुला पहिल्यांदा केव्हा वाटले?' पाचांपैकी तिघांचे उत्तर आले, दुसऱ्या फेरीत. म्हणजे बहुमत दुसऱ्याच फेरीत माघारीच्या बाजूचे होते. पण एकानेही तोंड उघडले नाही.

भगिनींनो आणि बंधूंनो, माझ्या आजच्या विषयाचा गाभा येथे आहे. ही मुले भित्री नव्हती आणि मूर्खही नव्हती. पहिला बोलेल तो भित्रा ठरेल, म्हणून कोणी बोलले नाही. प्रत्येकाची पाळी वेगळी, म्हणून प्रत्येकाला वाटले की आपण निघालो तर शेजारचा मरेल. वैदू पडल्यावर तर प्रश्न अधिकच अवघड झाला, कारण पडलेल्या सोबत्याला टाकून जाणे कोणाला पटेना आणि उचलून नेण्याची तजवीज कोणी केलेली नव्हती. एकत्र निघण्याचा मार्ग नसला की माणसापुढे दोनच वाटा उरतात, एकट्याने पळावे किंवा सर्वांबरोबर मरावे. चोराने पहिली धरली. त्याला मी दगाबाज म्हणणार नाही. त्या टेबलावर माघारीची सोयच नव्हती, म्हणून फूट पडली.

आपल्या बोलीत हा फरक फार चांगला टिपलेला आहे. संप 'मागे घेतला' असे आपण म्हणतो आणि संप 'फुटला' असेही म्हणतो. दोन्हींत कामगार दुसऱ्या दिवशी दारातून आत जातात, भोंगा तोच आणि मस्टरही तेच. पण मागे घेतलेल्या संपात सगळे एकत्र आत जातात, आत गेल्यावर एकमेकांच्या डोळ्याला डोळा देऊ शकतात, आणि दोन वर्षांनी पुन्हा मागणीपत्रक देऊ शकतात. फुटलेल्या संपात एकेक जण मान खाली घालून शिरतो आणि शेजारच्या यंत्रावरचा माणूस पुढे कित्येक वर्षे त्याच्याशी बोलत नाही.

माघारीचा नियम कसा असावा, याचे एक उत्तर मला दुसऱ्या एका खेळात मिळाले. 'थर्टीन्थ एज' हा त्याच जातीचा खेळ २०१३ मध्ये निघाला. जोनाथन ट्वीट आणि रॉब हाइन्सू हे त्याचे कर्ते. ट्वीट हा मघाच्या तिसऱ्या आवृत्तीच्या कर्त्यांपैकी एक आणि हाइन्सू २००८ च्या चौथ्या आवृत्तीचा प्रमुख कर्ता. ज्यांनी लढाईचे नियम इतके बारकाईने बांधले त्यांनीच पुढे माघारीचा हा साधा नियम लिहिला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. नियम असा. आपल्या पाळीला कोणीही खेळाडू प्रस्ताव मांडू शकतो की आपण सगळे निघू या. सर्वांची संमती झाली तर सर्व जण सुटतात आणि पडलेल्या सोबत्यांनाही उचलून नेतात. फासा टाकायचा नाही आणि फुकटचा वारही खायचा नाही. पण त्याची किंमत मोजावी लागते. मोहिमेत काहीतरी हातचे जाते. ज्या गावाच्या रक्षणाला निघालो ते गाव जळते, किंवा ज्याला सोडवायचे त्याला शत्रू पुढे घेऊन जातो.

मी हा नियम मुलांना वाचून दाखवला तेव्हा माझ्या मुलीनेच हरकत घेतली. ती म्हणाली, "बाबा, सुटका नक्की असेल तर भीती कशाची?" हरकत रास्त आहे. गुहेतून जिवंत परत येऊ की नाही या धाकधुकीवरच तर हा खेळ उभा आहे. पण नियम नीट पाहिला तर किंमत माफ झालेली नाही, तिची जागा बदललेली आहे. आधी ती सर्वांत हळू चालणाऱ्याच्या शरीरातून वसूल होत होती. आता ती सर्वांच्या उद्दिष्टातून वसूल होते. मी संघटनेच्या माणसाच्या नात्याने विचाराल तर सांगेन, की तोटा पत्करायचाच असेल तर तो सर्वांमध्ये वाटला जावा आणि उघड सांगितला जावा.

दुसरी हरकत माझी स्वतःची होती. सर्वांची संमती हवी म्हटल्यावर एक हट्टी माणूस साऱ्यांना अडकवून ठेवील. आम्ही संघटनेत बहुमताने ठरवतो. पण थोडा विचार केल्यावर मला ती अट पटली. आमच्या बहुमतात अल्पमतवाल्याला दुसऱ्या दिवशी इतरांबरोबर आत जाता येते. गुहेत मागे उरलेला एकटा मरतोच. म्हणून येथे शेवटच्या माणसाचे मन वळवणे भाग आहे, आणि मन वळवायचे तर बोलावेच लागते. मुलांच्या टेबलावर नेमके तेच झाले नव्हते.

तिसऱ्या रविवारी मुले परत जमली. त्यांनी खेळ तोच ठेवला, पण नवी पात्रे घेऊन आत शिरण्यापूर्वी काही गोष्टी ठरवल्या. राक्षसांच्या मनोधैर्याच्या ज्या दोन वेळा जुन्या पुस्तकात आहेत, त्या त्यांनी स्वतःला लावून घेतल्या. पहिला सोबती पडला की आणि निम्मे पडले की सूत्रधाराने डाव थांबवायचा आणि प्रत्येकाला विचारायचे, 'राहायचे की निघायचे?' फासा नाही, नुसता प्रश्न. त्यामुळे पहिल्यांदा बोलण्याचा डाग कोणा एकाला लागत नाही. पडलेल्याला कोण उचलणार, कोणत्या वाटेने जायचे आणि वाटेत काय फेकायचे, हे आत जाण्याआधीच सांगून ठेवायचे. आणि शत्रू आपल्यापेक्षा वेगवान आहे की नाही, तो पाठलाग करील असे दिसते का, हे पात्रांना डोळ्यांनी दिसण्यासारखे असेल तर सूत्रधाराने लपवायचे नाही.

त्यातला एक मुलगा प्रत्येक वेळी म्हणे, "तुम्ही जा, मी दार अडवतो. मी बाजीप्रभू!" मी त्याला एवढेच सांगितले, की १६६० च्या जुलैत पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना घोडखिंड अडवली गेली ती राजांना गडावर पोचता यावे म्हणून. गडावरच्या तोफांचा इशारा आधी ठरला होता, असे परंपरा सांगते. म्हणजे ती झुंज एका ठरवलेल्या माघारीचा भाग होती. कोणी निघतच नसेल तर दार अडवून उभा राहणारा कोणाला वाचवतो? मुलगा हसला, पण पुढच्या खेपेला दार अडवण्याआधी त्याने इतरांना विचारले, "तुम्ही किती फेऱ्यांत बाहेर पोचाल?" हा प्रश्न मला शौर्याइतकाच मोलाचा वाटतो.

आता शेवटचे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. तो संप विधिपूर्वक कधीच मागे घेतला गेला नाही. लाखावर माणसांचे काम गेले. कोण चुकले हे ठरवण्याची ही जागा नव्हे आणि तो माझा अधिकारही नव्हे. त्या माणसांची हिंमत मी कमी लेखीत नाही, तिच्यापुढे मी आजही मान लववतो. पण त्या साऱ्या काळात 'आता सगळे मिळून निघू या' हा प्रस्ताव मांडण्याची, तो मांडणाऱ्याला गद्दार न म्हणता ऐकून घेण्याची आणि मग हात वर करून निकाल लावण्याची काही ठरलेली रीत असती तर काय झाले असते, हा प्रश्न मला सोडीत नाही. लढा ऐन रंगात आल्यावर अशी रीत बसवता येत नाही, ती दाराशी पहिली सभा भरते तेव्हाच बसवावी लागते.

खेळात पात्र मेले तर दुसरा कागद घेऊन नवे पात्र लिहिता येते. कारखान्यात तसे नसते. म्हणूनच ज्या गोष्टीचा सराव खऱ्या लढ्यात परवडत नाही, तो टेबलावर होत असेल तर तो होऊ द्यावा असे मला वाटते. आपल्या घरची मुले रविवारी फासे घेऊन बसत असतील तर त्यांना वेळ फुकट घालवता म्हणून रागे भरण्यापूर्वी एकदा जवळ बसा आणि विचारा, 'निघायची वेळ आली तर पहिला शब्द कोण बोलणार, हे तुमचे ठरले आहे का?' हाच प्रश्न आपापल्या संघटनेच्या पुढच्या सभेतही विचारा.